हप्त्याची तारीख आणि कांद्याची पट्टी

पुणे जिल्ह्यातल्या ओतूर, उदापूर, डिंगोऱ्याच्या पट्ट्यात फेब्रुवारी हा पैसे जाण्याचा महिना, येण्याचा नव्हे. गावठी कांदा वावरात उभा असतो. लागवडीची मजुरी देऊन झालेली असते, खुरपणीची द्यायची असते, खताच्या दुकानात वही चालू असते. काढणी मार्चअखेर, नाहीतर एप्रिलात. त्यानंतर थोडा माल मार्केटला, उरलेला बराखीत, म्हणजे साठवणीच्या चाळीत, आणि मग भावाची वाट. मधेच ३१ मार्च येतो. तोवर सोसायटीचं पीककर्ज भरलं तर तीन लाखांपर्यंत व्याज लागत नाही, चुकलं तर लागतं, म्हणून त्या तारखेला सगळं गाव जपून असतं.

नेमक्या याच महिन्यात आरोग्य विम्याच्या नूतनीकरणाचे मेसेज सुरू होतात. हा योगायोग नाही. पगारदार माणूस कर वाचवायला फेब्रुवारी-मार्चमध्ये धावतो, प्राप्तिकरात हप्त्याची वजावट घेतो आणि प्रतिनिधींचा हंगामही त्याच दोन महिन्यांत असतो. त्या लाटेत पॉलिसी शेतकऱ्यालाही विकली जाते. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे वजावटीचा त्याला काडीचा उपयोग नाही. गळ्यात पडते ती फक्त तारीख.

खाली बोलणारे मामा आणि भाची ही कुणा एका घरातली माणसं नाहीत. या भागात ऐकू येणारी दोन मतं मी त्यांच्या तोंडी घातली आहेत. मामा सहासष्टचे, कांदा आणि थोडा ऊस, साखर आणि बीपी दोन्ही. भाची पुण्यात एका रुग्णालयात विम्याच्या खिडकीवर बसते. म्हणजे लोक जिथे सगळ्यात जास्त चिडतात, तिथे.

मामा : हा बघ मोबाइल. सकाळपासून तिसरा मेसेज. काल एक बाई फोनवर म्हणती, सर, तुमचा हप्ता थकलाय. मी म्हटलं, बाई, चाळीस वर्षांत सोसायटीचा एक रुपया थकवला नाय, तुमचं काय थकवलं?

भाची : काहीच थकवलं नाही. मामा, हे कर्ज नाहीच. विमा कायद्यात ६४ व्हीबी म्हणून कलम आहे, १९३८ चा कायदा. हप्ता हातात पडल्याशिवाय कंपनीने जोखीम घ्यायचीच नाही, असं ते सांगतं. तुम्ही भरलं नाही तर ती जोखीम सोडून देते, एवढंच. दारात वसुलीला कुणी येत नाही, सातबाऱ्यावर बोजा चढत नाही. हप्ताच कर्ज काढून भरलेला नसेल तर सिबिललाही काही कळत नाही.

मामा : मग झालं की. देणंच नाय तर सोडून देतो. इतके दिवस उगाच दबून होतो.

भाची : लाजेने भरू नका, हे मीही म्हणते. पण सोडलं तर काय जातं ते आधी ऐका. सहा वर्षं झाली ना पॉलिसीला?

मामा : या महिन्यात सहा पूर्ण. दावा एकबी नाय. म्हणजे सहा वर्षं फुकट गेली.

भाची : फुकट नाही गेली. तुमच्या साखरेचं-बीपीचं पहिली काही वर्षं विम्यात मिळत नव्हतं, आता मिळतं. २०२४ च्या नियमांनी ही वाट पाहण्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं केलीय. दुसरं म्हणजे सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की कंपनीला, 'तुम्ही अमुक आजार लपवला होता' म्हणून दावा नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध केली तरच येतो. आमच्या खिडकीवर सगळ्यात जास्त भांडणं याच कारणावरून होतात. तुम्ही त्या भांडणाच्या पलीकडे गेलाय. आता सोडलं आणि दोन वर्षांनी परत घ्यायला गेलात, तर अडुसष्टाव्या वर्षी, साखरेसकट, पुन्हा पहिलीत नाव घालावं लागेल. घेतीलच असंही नाही. नवीन माणसाला कंपनी नाही म्हणू शकते. जुन्याला, त्याने दावे केले म्हणून, नूतनीकरण नाकारता येत नाही.

मामा : बरं. आता माझं ऐक. मागं विम्याला एकूण ४२,४८० भरायचो. मग जीएसटी गेला म्हणाले.

भाची : गेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. तुमचा मूळ हप्ता ३६,०००. वरचे ६,४८० वाचले.

मामा : वाचले कुठं? या वर्षीचा कागद बघ. ३९,६००. सरकारनं सोडलं ते कंपनीनं उचललं.

भाची : दहा टक्के वाढवलेत. साठीच्या पुढच्यांना एका वर्षात दहा टक्क्यांच्या वर वाढवायचं असेल तर विमा नियामकाला विचारावं लागतं, जानेवारी २०२५ चा आदेश आहे. तरीही २,८८० कमी भरताय.

मामा : दहा टक्क्यांची मुभा दिली की सगळे बरोबर दहाच टक्के वाढवणार. आमच्याकडं आडत्या कधी कमी कापतो का?

इथे मामांचं म्हणणं मला पटतं. ज्येष्ठांचा हप्ता एकदम दीडपट व्हायचा, ते या आदेशाने थांबलं हे खरं. पण दर वर्षी दहा टक्के म्हणजे सात-आठ वर्षांत दुप्पट, आणि कांद्याचा भाव असा शिस्तीत वाढल्याचं ओतूरच्या मार्केटने कधी पाहिलेलं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, मे २०२४ मध्ये उठली, नंतरही निर्यातशुल्क एप्रिल २०२५ पर्यंत होतंच. माल तोच, बराखी तीच, विकल्यावर हातात येणारी पट्टी दर वेळी वेगळी. एका बाजूला ठरल्या दराने चढणारा खर्च, दुसऱ्या बाजूला दिल्लीतल्या एका अधिसूचनेवर हलणारं उत्पन्न. मेडिक्लेम १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी आणली ती महिन्याच्या महिन्याला पगार मिळणाऱ्या माणसाच्या हिशोबाने. तिचा वर्षाचा एकरकमी हप्ता त्या माणसाला जड नव्हता.

मामा : अजून एक. पेपरात आलं होतं, कंपन्या एका दाव्यामागं सरासरी ३१ हजार देतात.

भाची : बरोबर. २०२३-२४ चा आकडा आहे, सुमारे २ कोटी ६९ लाख दावे दिले, सरासरी ३१ हजार.

मामा : मग मी वर्षाला ४० हजार भरून ३१ हजाराची वाट बघायची? त्यापेक्षा ४० हजार पतसंस्थेत टाकतो. सहा वर्षांचे टाकले असते तर अडीच लाखाच्या जवळ गेले असते, व्याज वेगळंच.

भाची : सरासरीत मोतीबिंदू आहे, डेंग्यूचे तीन दिवस आहेत. ते तुम्ही पतसंस्थेतून भरालही. पण डोक्यात रक्तस्राव होऊन अतिदक्षता विभागात बारा दिवस काढलेल्या माणसाचं बिल मी रोज बघते. त्या घरातली पतसंस्थेची ठेव तिसऱ्या दिवशी संपते. पुढं काय विकतात ते मी सांगायला नको.

मामा : ते सरकार बघतंय. महात्मा फुले योजना आहे. आधी पिवळ्या-केशरी कार्डालाच होती, आता पांढऱ्यालाबी. पाच लाख. हप्ता शून्य.

भाची : योजना चांगलीच आहे, मी तिच्या विरुद्ध नाही. राजीव गांधी जीवनदायी नावाने २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आपल्या पुणे जिल्ह्यात नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. तेव्हा दीड लाख होतं. पाच लाख आणि सगळ्या रेशनकार्डांना खुली झाली ती जुलै २०२४ पासून. पण तिच्यात ठरलेल्या उपचारांची यादी आहे, आणि ठरलेली रुग्णालयं. तुम्हाला जे होईल ते यादीत असेल, आणि रात्री दोन वाजता गाडी ज्या दवाखान्यापुढं थांबेल तो योजनेत असेल, हे दोन्ही एकाच वेळी जुळायला लागतं. इथून पुणं शंभरेक किलोमीटर. त्या वेळी तुम्ही यादी वाचत बसणार का?

मामा : आणि तुझ्या कंपनीचं नेटवर्क काय पांडवकालीन लेणं आहे का, कायम जागेवर राहायला? तेबी दर वर्षी बदलतं.

भाची : बदलतं. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी नारायणगाव, आळेफाटा, मंचर इथली कुठली रुग्णालयं त्यात आहेत ते विचारून घ्यायचं. पण नेटवर्कच्या बाहेर गेलात तरी आधी बिल भरून नंतर परतावा मागता येतो. फुले योजनेत तो रस्ता नाही.

मामा थोडे नरमले, पण भरायला तयार झाले नाहीत. त्यांचा बेत वेगळाच होता, आणि माझ्या मते या भागातली बहुतेक माणसं तिथेच फसतात.

मामा : मुदत कधीची? २० फेब्रुवारी. त्याच्यापुढं ३० दिवस सवलत आहे, मेसेजमध्येच लिहिलंय. थोडा लाल कांदा राहिलाय, तो १५ मार्चच्या आत निघतोय. तेव्हा भरतो. कशाला घाई?

भाची : आणि २० फेब्रुवारी ते १५ मार्च?

मामा : सवलत आहे ना.

भाची : सवलत तुमच्या सहा वर्षांना आहे, तुमच्या अंगाला नाही. तीस दिवसांत भरलं तर जुनी सगळी वर्षं धरली जातात, वाट पाहण्याची मुदत पुन्हा सुरू होत नाही, बोनस जात नाही. पण वर्षाचा हप्ता एकदम भरणाऱ्याला त्या मधल्या दिवसांत विमा नसतो. ५ मार्चला दवाखान्यात गेलात आणि १५ मार्चला पैसे भरलेत, तर ५ मार्चचं बिल तुमचं.

मामा : असं कुठं असतं का?

भाची : असंच असतं. रात्रीच्या लाइटीत पाणी द्यायला जाता. तिकडं बिबट्या…

मामा : बिबट्याचं वनखातं देतं.

भाची : बिबट्याचं देतं. सापाचं? विहिरीच्या पायरीवरून घसरलात तर? छातीत कळ आली तर?

यावर मामा गप्प. मेसेजमध्ये ही गोष्ट का लिहीत नाहीत, हा माझा प्रश्न आहे. रक्कम असते, लिंक असते, घरच्यांची काळजी करायला सांगणारं एक वाक्य असतं. विमा कोणत्या तारखेच्या मध्यरात्री थांबतो, जुनी वर्षं कोणत्या तारखेपर्यंत शाबूत राहतात, हप्ता तोडून भरता येईल का, या तीन गोष्टी तीन ओळींत मावतात. पण त्या वाचून माणूस विचार करायला लागेल, आणि मेसेज लिहिणाऱ्याला त्याने विचार नव्हे, लिंक दाबायला हवी असते.

भाची : मामा, चार हप्ते करून घ्या. नूतनीकरणाच्या वेळीच सांगायचं. तिमाहीला साधारण ९,९०० पडतील, थोडं वर-खाली, कारण तोडून घेतलं की एकूण जरा जास्त लागतं. फेब्रुवारीत एक. मेमध्ये दुसरा, तेव्हा काढणी झालेली. ऑगस्ट आणि नोव्हेंबर बराखीतल्या कांद्यावर. आणि यातली खरी गंमत ऐका. हप्त्याने भरणाऱ्याचा विमा सवलतीच्या दिवसांतसुद्धा चालू राहतो. महिन्याच्या हप्त्याला पंधरा दिवस, तिमाही-सहामाहीला तीस. तुम्हाला मेचा हप्ता द्यायला जूनची पाच तारीख उजाडली, तरी मधे तुम्ही उघडे पडत नाही.

मामा : एकदम भरणाऱ्याला नाय आणि तुकड्यानं भरणाऱ्याला हाय? उलटा न्याय झाला.

भाची : तुकड्याने भरणाऱ्याचं वर्ष चालू असतं, म्हणून. एकदम भरणाऱ्याचं संपलेलं असतं.

मामा : आणि मधेच दावा आला तर? उरलेले हप्ते सोडतात काय?

भाची : नाही. दाव्याच्या पैशातून कापून घेतात.

मामा : म्हणजे वसुली आहेच.

भाची : आहे. पण तुमच्या खिशातून नाही, तुम्हाला येणाऱ्या पैशातून. आडत कापून पट्टी मिळते तसं.

मामा : चार तारखा म्हणजे चार वेळा मेसेज. सहामाही कर. फेब्रुवारी आणि ऑगस्ट.

भाची : फेब्रुवारीत वीस हजार होतील का?

मामा : दहाचं होत असंल तर विसाचंबी करतो. पण दर तीन महिन्याला ती बाई नको.

मला तिमाहीच बरी वाटते. पण माणूस हप्ता भरतो तो स्वतःच्या हिशोबाने नव्हे, स्वतःच्या स्वभावाने, आणि स्वभावाला तक्ता देऊन उपयोग नसतो.

भाची : मग बँकेला परवानगी देऊन ठेवा, आपोआप कापलं जाईल. आदल्या दिवशी बँक कळवते.

मामा : ते नाय. एका वर्षी तसंच केलं होतं. मजुरांना द्यायला ठेवलेले पैसे सकाळी उठून बघतो तर गेलेले. शनिवार होता. खुरपणीच्या बाया दारात.

भाची : बरं, हातानं भरा. पण मेसेजमधल्या लिंकवरून नाही. पॉलिसीच्या कागदावर जो पत्ता आहे तोच टाईप करायचा, नाहीतर कंपनीच्या शाखेत जायचं. कुणी म्हणालं 'आजच भरा, सूट देतो', आणि कुणा माणसाच्या नावाच्या खात्यावर पैसे टाकायला सांगितले, की फोन ठेवायचा. बँक-विम्याच्या कामाच्या फोनसाठी सरकारने १६०० ने सुरू होणारे नंबर काढलेत. फसलात तर लगेच १९३०.

मामा : त्या बाईचा नंबर कशानं सुरू होता, ते बघितलंच नाय. बरं, माझ्या बाजूचं सांग. मी एक दिवस चुकलो तर विमा बंद. तुझी कंपनी बिल महिना-महिना लोंबकळत ठेवती, तिला कोण मेसेज पाठवतं?

भाची : नियम आहेत. रुग्णालयातून घरी सोडताना कॅशलेसचा शेवटचा निर्णय तीन तासांत द्यायचा. त्याच्यापुढं थांबवलं आणि रुग्णालयाने जादा आकारलं, तर ते कंपनीने भागधारकांच्या पैशातून द्यायचं. परताव्याच्या दाव्याला मुदतीबाहेर उशीर केला तर बँक दराच्या वर दोन टक्के व्याज.

मामा : कधी कुणाला दिलेलं बघितलं का ते व्याज? न मागता?

भाची : मागणारेच कमी असतात.

मामा : तेच म्हणतोय. मला आठवण करून द्यायला यंत्र ठेवलंय. त्यांना आठवण करून द्यायला मी पुण्याला चकरा मारायच्या, त्याबी इंग्रजीत.

भाची : लेखी तक्रार आधी कंपनीकडे. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्यातच विमा लोकपालाचं कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद ऐकतात. अर्ज एका वर्षाच्या आत करायचा. आणि इंग्रजीचं म्हणाल तर पॉलिसीबरोबर एक माहितीपत्रक मिळतं, काय मिळेल, काय नाही, वाट किती पाहायची, सगळं थोडक्यात. जानेवारी २०२४ पासून ते आपल्या भाषेत मागता येतं. मागितलंत का कधी?

मामा : देतात हेच कुणी सांगितलं नव्हतं.

भाची : आता मागा. मराठीतलं पत्रक हातात आल्याशिवाय हप्ता भरत नाही म्हणावं. २० तारखेच्या आत बरं का, नाहीतर भांडणात विमा संपायचा.

मामा : आणि ४० हजार झेपलेच नाय तर? पुढच्या वर्षी कांदा मातीमोल गेला तर?

भाची : तर बंद करू नका, लहान करा. दहा लाखांचं पाच लाख. नाहीतर त्याच कंपनीची आरोग्य संजीवनी घ्या. २०२० पासून नियामकाने सगळ्या कंपन्यांना सारखीच करायला लावलेली साधी पॉलिसी आहे. बिलाचे पाच टक्के आपण भरायचे, खोलीच्या भाड्याला मर्यादा, पण हप्ता बराच खाली येतो. त्याच कंपनीत बदललं की जुनी वर्षंही बरोबर येतात. फक्त तारखेच्या आधी सांगायचं. तारीख उलटल्यावर माझ्याकडे येणाऱ्यांना मी काही देऊ शकत नाही, मामा. नुसता अर्ज वाचून परत करते.

मामा : ही आरोग्य संजीवनी विकायला कुणी का येत नाय मग?

भाची : स्वस्त आहे ना.

मामा : (हसून) म्हणजे कमिशन नाय. हे तू पहिल्यांदा खरं बोललीस. आता आईचं. तिचं नाव घालायला एजंट सांगत होता, २५ हजार जादा.

भाची : आजी चौऱ्याऐंशीची. तिचं नाव अजिबात घालू नका. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मानचं वय वंदना कार्ड आहे, पाच लाखांचं. उत्पन्न विचारत नाहीत, शेती किती ते विचारत नाहीत, फक्त आधार. उद्या काढू. आधारला मोबाइल कुणाचा जोडलाय?

मामा : थोरल्याचा. तो दुबईला.

भाची : तिकडून ओटीपी सांगेल.

मामा : तो तिथं कामावर असला की फोन लॉकरमध्ये.

भाची : मग बोटाचा ठसा.

मामा : खुरपं धरून धरून ठसे कुठले राहिलेत? रेशनच्या मशीनवर दर महिन्याला तेच रडगाणं.

भाची : चेहऱ्यानेही होतं. कॅमेऱ्यासमोर बसवायचं, डोळे मिटायचे-उघडायचे.

मामा : ते जमंल तिला. सकाळी दहाच्या आत ये. नंतर ती झोपती, आणि तुमच्या त्या मशीनची रेंजबी जाती.